बंद खोलीतले बहुवचन

ठाणे परिसरातील ख्रिस्ती प्रार्थनेच्या ज्या जुन्या लेखी नोंदी उपलब्ध आहेत, त्यांपैकी एक नोंद एका एकट्या पडलेल्या माणसाची आहे. सन १३२१ मध्ये जॉर्डानस नावाचा दक्षिण फ्रान्सचा एक धर्मगुरू चार सोबत्यांसह होर्मूझहून जहाजात बसला. जायचे होते केरळातील कोल्लमला. जहाज लागले ठाण्याच्या बंदराला. जॉर्डानस दोमिनिकन संघाचा, सोबतचे चौघे फ्रान्सिस्कन संघाचे. ठाण्यात त्यांना उतरायला जागा मिळाली ती एका स्थानिक ख्रिस्ती कुटुंबात. पुढे तेथील ख्रिस्त्यांच्याच आग्रहावरून जॉर्डानस भडोचच्या वाटेला लागला आणि सोपाऱ्याच्या आसपास असतानाच इकडे एप्रिल महिन्यात ते चौघे मारले गेले. त्याने त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन मूठमाती दिली. त्यानंतर हा परका माणूस ठाणे, सोपारे, भडोच या पट्ट्यात सोबतीवाचून हिंडत राहिला.

सुमारे अडीच वर्षांनी त्याने ठाण्याहून आपल्या धर्मबांधवांना लिहिलेले एक पत्र शिल्लक आहे. समुद्रावरच्या लुटारूंनी पकडले, कैदेत पडावे लागले, लोकांच्या शिव्या खाव्या लागल्या, संघाचा वेशही अंगावर राहिला नाही, तहानभूक आणि आजार तर नित्याचेच, अशी दुःखांची मोठी यादी त्यात आहे. परंतु या सर्वांहून त्याला अधिक बोचते ते आपण एकटे उरलो हे. पत्राची मागणी द्रव्याची नाही, संरक्षणाचीही नाही. आणखी माणसे पाठवा, एवढीच आहे.

डोंबिवलीहून ठाण्याला जलद गाडीने अर्धा तासही लागत नाही. असे असूनही ख्रिस्ती धर्म या बाजूला पोर्तुगीजांबरोबर वसईला उतरला आणि इंग्रजांबरोबर रेल्वेने वर आला, अशीच आपल्याकडील सुशिक्षितांची सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः सहाव्या शतकातील कॉस्मास नावाच्या ग्रीक प्रवासी-लेखकाने 'कल्लियाना' या ठिकाणी इराणातून नेमलेला बिशप असल्याचे नमूद केले आहे. हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे पोर्तुगीज यायच्या हजार वर्षे आधी या खाडीकाठी कोणीतरी सिरियाक भाषेत प्रार्थना म्हणत होते, असे मानायला जागा आहे. ठाण्यातील ज्या घराने जॉर्डानसच्या सोबत्यांना आसरा दिला, ते याच पूर्वेकडील परंपरेतले होते.

आणि येथेच खरा मुद्दा आहे. ही पूर्वेकडील मंडळी पश्चिमेच्या लेखी 'नेस्टोरियन', म्हणजे फुटून गेलेले व पाखंडी. इ. स. ४३१ मधील इफिससच्या धर्मसभेत ख्रिस्ताच्या दैवी व मानवी स्वरूपाविषयी जो वाद पेटला, त्यातून हे दोन भाग वेगळे झाले होते. फ्रान्सिस्कन प्रवासी ओडोरिक काही वर्षांनी ठाण्याला आला आणि त्याने त्या चौघांची हकीकत लिहिली. ठाण्यात अशा ख्रिस्त्यांची पंधरा घरे आहेत, असे तो सांगतो आणि त्याच दमात त्यांची संभावना पाखंडी म्हणून करतो. ज्यांनी आपल्या माणसांना भाकर आणि अंथरूण दिले, त्यांच्याविषयी एवढे लिहायला त्याची लेखणी अडखळली नाही! अर्थात ते घर आदर्श होते असेही नव्हे. घरमालकाने बायकोला मारहाण केली, ती काझीकडे तक्रार घेऊन गेली, साक्षीला या पाहुण्यांची नावे पुढे आली, काझीपुढे धर्मावरून वाद झाला आणि त्याची परिणती त्यांच्या मृत्यूत झाली, असा त्या वृत्तांताचा घटनाक्रम आहे. भांडणतंटा असलेले, चारचौघांसारखे घर. पण त्याने दार उघडले होते.

इफिससच्या त्या वादावर रोमचे पोप दुसरे जॉन पॉल आणि पूर्वेकडील असीरियन चर्चचे प्रमुख मार दिन्खा चौथे यांनी संयुक्त निवेदनाची सही केली ती ११ नोव्हेंबर १९९४ रोजी. शब्द वेगळे असले तरी श्रद्धा एकच आहे, असा त्या निवेदनाचा आशय आहे. पंडितांना ही गोष्ट मान्य करायला पंधराशे त्रेसष्ट वर्षे लागली. ठाण्यातील त्या कुटुंबाने ती एका संध्याकाळी, फारसा विचार न करता, व्यवहारात आणली होती.

'माझ्या' नव्हे, 'आमच्या'

ख्रिस्ती प्रार्थनेचे स्वरूप ज्यांना बाहेरूनच ठाऊक आहे, त्यांच्या ध्यानात एक गोष्ट सहसा येत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातील सहाव्या अध्यायात येशू आपल्या शिष्यांना प्रार्थना कशी करावी हे सांगतो. चव्हाट्यावर उभे राहून लोकांना दाखवण्यासाठी करू नका, आपल्या खोलीत जा, दार लावून घ्या, असा त्याचा उपदेश आहे. म्हणजे प्रार्थना एकट्याने करायची. पण लगेच पुढे तो जी प्रार्थना शिकवतो, जगातील बहुतेक सर्व ख्रिस्ती पंथ जी 'प्रभूची प्रार्थना' म्हणून म्हणतात, तिचे संबोधनच 'आमच्या' या शब्दाने सुरू होते. भाकर मागायची ती आमची, क्षमा मागायची ती आमच्या अपराधांची. साऱ्या प्रार्थनेत 'मी' आणि 'माझे' हे शब्द एकदाही येत नाहीत. दार बंद करून एकटा बसलेला माणूस तोंड उघडतो ते बहुवचनात! व्याकरणाच्या शिक्षकाला हे प्रथम खटकावे आणि मग त्यानेच त्यावर विचार करीत बसावे, अशी ही रचना आहे.

मराठी वाचकाला हे अगदी अपरिचित वाटणार नाही. आपल्याकडे रामदासांची करुणाष्टके आहेत, ती एकट्या जिवाची हाक आहे. आणि ज्ञानेश्वरांचे पसायदान आहे, त्यात मागणाऱ्याने स्वतःसाठी वेगळे असे काहीच मागितलेले नाही. कल्याण-कर्जतच्या गाड्यांतून टाळ वाजवीत जाणारी भजनी मंडळे ही तर सामुदायिक उपासनेची डोंबिवलीकरांनी रोज पाहिलेली उदाहरणे आहेत. ख्रिस्ती प्रार्थनेत मात्र हे दोन प्रवाह एकाच वाक्यात आणून बसवले आहेत, हा तिचा विशेष म्हणता येईल.

योहानाच्या शुभवर्तमानात याहून अधिक बोलका प्रसंग आहे. वधस्तंभाच्या आदल्या रात्री येशू शिष्यांना स्पष्टच सांगतो की, तुम्ही सगळे पांगाल आणि मला एकटे सोडाल. हे सोळाव्या अध्यायाच्या शेवटी आहे. सतराव्या अध्यायात तो प्रार्थना करतो आणि तीत सोडून जाणाऱ्या त्याच माणसांसाठी, ती सर्व एक असावीत, असे मागणे मागतो. चर्चच्या ऐक्यासाठी झटणाऱ्या चळवळीने गेली शंभर वर्षे हा अध्याय आपले घोषवाक्य केला आहे. पण ऐक्याचे ते मागणे परिषदेच्या व्यासपीठावरून आलेले नसून एकटे पडत चाललेल्या माणसाच्या तोंडून आलेले आहे, याचा विसर त्या चळवळीलाही पुष्कळदा पडलेला दिसतो. ऐक्य आणि एकाकीपणा या विषयांची गाठ मुळातच अशी बांधलेली आहे.

एकांत आणि एकाकीपण

मराठीत 'एकांत' आणि 'एकाकीपण' हे दोन शब्द वेगळे आहेत, हे भाषेचे शहाणपण आहे. एकांत माणूस शोधतो, आणि डोंबिवलीत तो सहजी मिळत नाही. सकाळी आठच्या सुमारास स्थानकाच्या पुलावर जो उभा असतो त्याला एकांताची चैन कोठली? २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिका क्षेत्राची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात होती आणि त्यानंतर खाडीपलीकडे व शिळफाट्याच्या बाजूला गृहसंकुलांची नगरेच्या नगरे उठली आहेत. तरीही या गर्दीत एकाकीपण आहे. मुले परदेशी किंवा बंगळूर-पुण्याला असलेले वृद्ध दांपत्य, त्यातले एक गेल्यावर मागे राहिलेले दुसरे. रात्रपाळी करून दिवसा झोपणारी, घरापासून हजारबाराशे किलोमीटरवर आलेली परिचारिका. कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा तिसरा प्रयत्न करणारा विद्यार्थी. निवृत्त झालेल्या कारकुनाला कधीकधी नोकरीपेक्षा रोजच्या ८.१२ च्या गाडीतला ठरलेला गट अधिक आठवतो.

हे केवळ भावनेचे प्रकरण राहिलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपणाने ग्रासले आहे आणि त्याच्याशी निगडित मृत्यूंची संख्या वर्षाला आठ लाख एकाहत्तर हजारांच्या वर जाते. ब्रिटनने तर २०१८ मध्ये या प्रश्नासाठी स्वतंत्र मंत्री नेमला. मंत्र्याने दुःख हलके होते की नाही हा भाग निराळा.

धर्मांतराने येणाऱ्या एकाकीपणाची मराठीतील सर्वांत प्रामाणिक कहाणी लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त आहे. नारायण वामन टिळकांना ख्रिस्ती धर्माची पहिली खरी ओळख झाली ती, योगायोग असा की, आगगाडीत. राजनांदगावला जाताना डब्यातील एका युरोपीय सहप्रवाशाशी संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या आणि उतरण्यापूर्वी त्याने टिळकांच्या हाती 'नवा करार' ठेवला. १८९५ मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या एका दिवसाने दोन माणसे एकटी झाली. टिळकांचे आप्त तुटले. आणि लक्ष्मीबाई पतीपासून दुरावून नातेवाइकांच्या आश्रयाने काही वर्षे राहिल्या. पुढे नगरला पतीच्या घरी आल्यावरही काही काळ त्यांनी आपले सोवळे सांभाळले, आणि टिळकांनी ते सांभाळू दिले. एका छपराखाली दोन धर्म नांदत होते. १९०० मध्ये त्यांनी स्वतः विचार करून बाप्तिस्मा घेतला. पंथापंथांतील ऐक्याचा कोणताही मसुदा या दांपत्याने लिहिला नाही. परंतु वेगळेपण ठेवून एका घरात राहता येते याचा त्यांनी घालून दिलेला धडा धर्मसभांच्या ठरावांपेक्षा कमी मोलाचा नव्हे.

टिळकांचे मन पंथांच्या कुंपणात रमले नाहीच. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' या नावाने बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांचा एक मेळा उभा करण्याचा प्रयत्न आरंभला. दोनच वर्षांनी, मे १९१९ मध्ये ते वारले आणि तो प्रयत्न मागे पडला. त्यांची भजने मात्र आजही मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत, ही मंडळी कोणत्या पंथाची हे न विचारता, गायिली जातात. गाणे कुंपण ओलांडते, गाणारा अडकतो.

वॉंटेज ते शिवाजीनगर

पंडिता रमाबाईंचा अनुभव थोडा निराळा आहे. आईवडील दुष्काळात गेले, भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती गेला. लहानग्या मनोरमेला घेऊन ही विदुषी १८८३ मध्ये इंग्लंडला पोचली. वॉंटेज येथील अँग्लिकन भगिनीसंघाने तिला आश्रय दिला आणि तेथेच तिने बाप्तिस्मा घेतला. इतक्या एकाकी बाईने आश्रयदात्यांच्या होला हो म्हणणे स्वाभाविक झाले असते. रमाबाईंनी ते केले नाही. ख्रिस्त मान्य, पण चर्चच्या अधिकाऱ्यांची प्रत्येक आज्ञा मान्य नाही, असे त्या आपल्या गुरुभगिनींना पत्रांमागून पत्रे लिहून सांगत राहिल्या. ख्रिस्ती पंथांची ती भाऊगर्दी पाहून आपण गोंधळून गेलो, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने लिहिले आहे. हिंदुधर्मातील भेदांना कंटाळून जिने घर सोडले तिच्यापुढे तोच बाजार नव्या नावांनी मांडला गेला होता! केडगावच्या मुक्ती मिशनमधील उपासना त्यांनी कोणत्याही एका पंथाच्या दावणीला बांधली नाही, त्याचे कारण यातच असावे.

या कथेला एक पुढचा भाग आहे. वॉंटेजचा तोच भगिनीसंघ पुण्यात पंचहौद मिशनच्या कामाला आलेला होता. (पंचहौद म्हटले की मराठी वाचकाला टिळक-रानड्यांचा १८९० सालचा चहा आठवतो, प्रार्थनेची आठवण क्वचितच होते.) १९७२ मध्ये या संघाच्या भगिनी आणि कॅथलिकांच्या सेक्रेड हार्ट संघाच्या भगिनी यांनी शिवाजीनगरमधील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात एकत्र राहण्यास सुरुवात केली. हा आश्रम जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूंनी १९२०-३० च्या दशकात उभारलेला. मधल्या काळात तो थंडावला होता. शांकर वेदान्ताच्या अभ्यासक सिस्टर सारा ग्रँट या कॅथलिक विदुषी पुढे त्याच्या आचार्या झाल्या. जेवण एक, काम एक, दिवसाच्या प्रार्थना एक. ज्या संघाशी रमाबाईंनी पंथाच्या अधिकारावरून पत्रयुद्ध केले, त्याच संघाच्या भगिनी नव्वद वर्षांनी दुसऱ्या पंथाच्या बायकांबरोबर एका चटईवर प्रार्थनेला बसल्या. रमाबाईंचा हा विजय कोणी त्या नावाने साजरा केला नाही.

नागपूरचा करार

संस्थात्मक ऐक्याची मोठी घटनाही महाराष्ट्रातच घडली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये अँग्लिकन, युनायटेड चर्च, बाप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथॉडिस्ट आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट अशा सहा चर्चनी आपली स्वतंत्र अस्तित्वे विसर्जित करून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन केले. दक्षिणेत हे काम १९४७ च्या सप्टेंबरातच झाले होते. उत्तरेच्या वाटाघाटी १९२९ पासून चालल्या होत्या. बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यावा की जाणत्या माणसाला, बिशप असावेत की नसावेत, असे प्रश्न होते. बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीती मान्य करून तो गुंता सोडवण्यात आला. ज्यांचे पूर्वज या मुद्द्यांवरून युरोपात एकमेकांच्या जिवावर उठले होते, त्यांनी हे केले, ही सामान्य गोष्ट नव्हे. अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट ऐन वेळी बाहेर राहिले.

मात्र करार झाला म्हणजे मने जुळली असे नव्हे. मालमत्तांचे दावे न्यायालयांत गेले. गुजरातमधील ब्रदरन मंडळीच्या एका दाव्यात सप्टेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मंडळीची मालमत्ता एकीकरणाने आपोआप नव्या चर्चकडे गेली, हे म्हणणे अमान्य केले. प्रार्थना एकत्र करायला तयार झालेली माणसे सातबाऱ्यापाशी अडली, यात नवल नाही; आपल्याकडील कोणत्याही एकत्र कुटुंबाला हे समजेल.

याहून नाजूक प्रश्न डोंबिवलीच्या शेजारी, कल्याणच्या नावाने उभा राहिला. केरळातील सिरो-मलबार कॅथलिक नोकरीनिमित्त मुंबई-ठाणे-पुण्याकडे आले. रोमशी ते एकनिष्ठच, पण त्यांची उपासना त्या प्राचीन सिरियाक परंपरेची. येथील धर्मग्राम लॅटिन विधीचे. अनेक वर्षांच्या वादानंतर ३० एप्रिल १९८८ रोजी त्यांच्यासाठी कल्याण हा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. एकाच गावात, एकाच पोपच्या छत्राखाली, दोन बिशपांचे अधिकार! हे ऐक्याला बाधक आहे असे त्या वेळी अनेकांना प्रामाणिकपणे वाटत होते. परंतु दुसरी बाजू अधिक वजनदार आहे. दिवसभर परक्या भाषेत काम करणाऱ्याला आठवड्यातून एक तास तरी आईच्या भाषेत देवाशी बोलता यावे, ही मागणी फुटीरपणाची नसते. ऐक्याच्या नावाखाली ती नाकारली तर तो माणूस चर्चमध्ये बसूनही एकाकीच राहतो. डोंबिवलीच्या मराठी माणसाला, कोणत्याही धर्माचा असो, हे पटवून देण्याची गरज नसावी. ज्या खाडीकाठी पाखंडी म्हणून हिणवल्या गेलेल्या परंपरेची पंधरा घरे होती, त्याच परिसरात तिच्याशी नाते सांगणाऱ्या उपासनेला १९८८ मध्ये पुन्हा हक्काची जागा मिळाली, हा इतिहासाचा फेराही लक्षात ठेवण्याजोगा आहे.

मराठी ख्रिस्त्यांतही भाषेची भिंत आहे, आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. प्रॉटेस्टंट 'बाप्तिस्मा' म्हणतो, तर कॅथलिक 'स्नानसंस्कार' म्हणतो. एकाची 'मंडळी', दुसऱ्याचा 'धर्मग्राम'. एकाचा 'पाळक', दुसऱ्याचा 'धर्मगुरू'. एकाचे 'प्रभुभोजन', दुसऱ्याची 'मिस्सा'. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' २०१० मध्ये आले आणि पंथाबाहेरच्या, किंबहुना धर्माबाहेरच्या वाचकांनीही ते उचलले. २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या या लेखकाने हे काम पंथ आणि धर्म यांच्या भिंतींना दार पाडावे तसे केले. ते २०२४ च्या जुलैमध्ये निवर्तले. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील ख्रिस्त्यांची एकूण संख्या दहा लाख ऐंशी हजारांच्या आसपास, शंभरात एकही पुरता नाही. एवढ्यांत दोन कोश लागावेत हे जरा जास्तच झाले.

जानेवारीचे आठ दिवस

दर वर्षी १८ ते २५ जानेवारी हा आठवडा जगभर ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थनेसाठी पाळला जातो. त्याची सुरुवात १९०८ मध्ये अमेरिकेत झाली. कॅथलिकांनी इतर पंथीयांबरोबर प्रार्थना करणे पूर्वी निषिद्धच मानले जाई. नोव्हेंबर १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ऐक्यविषयक आदेशाने ती वाट मोकळी केली आणि १९६८ पासून या आठवड्याचे साहित्य रोम व जागतिक चर्च परिषद यांच्या संयुक्त विद्यमाने निघू लागले. २०१३ चे साहित्य तयार करण्याचा मान भारतातील विद्यार्थी ख्रिस्ती चळवळीला मिळाला. त्या विद्यार्थ्यांनी विषय निवडला तो दलित ख्रिस्त्यांचा. चर्चमध्येही जात पाळली जाते आणि ती पाळून ऐक्याची प्रार्थना करणे हा दुटप्पीपणा आहे, हे त्यांनी जगापुढे मांडले. १९५० च्या राष्ट्रपती आदेशामुळे अनुसूचित जातींच्या सवलतींतून वगळलेला आणि मंडळीतही मागच्या बाकावर बसवलेला माणूस दुहेरी एकटा असतो. नगर-जालना भागातील मंडळ्यांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात अतिशयोक्ती दिसणार नाही.

डोंबिवलीसारख्या गावात या आठवड्याचे काय करता येईल? रोम आणि जिनिव्हा येथे जे सुटलेले नाही ते येथे सुटणार नाही. एका वेदीवरून सर्वांना प्रभुभोजन देण्याघेण्याची अनुमती कॅथलिक नियमात नाही आणि ती नजीकच्या काळात मिळेल असे चिन्ह नाही. पण रुग्णालयातील खाटेपाशी, दफनभूमीत, किंवा चौथ्या मजल्यावर गुडघे धरून बसलेल्या वृद्धेच्या दाराशी वेदीचा प्रश्न येतोच कोठे? पलीकडच्या इमारतीत दुसऱ्या पंथाचे कुटुंब राहते, तिच्या पंथाचे चर्च मात्र दोन स्थानके पलीकडे आहे. तिचा पाळक महिन्यातून एकदा येतो. शेजारचे रोज येऊ शकतात. त्यांनी यावे की नाही, आल्यावर कोणती प्रार्थना म्हणावी, याला कोणाच्या परवानगीची गरज उरलेली नाही. १९६४ नंतर तर नाहीच नाही. अडचण एवढीच की, तिचे नाव त्यांच्या यादीत नसते. पंथांच्या याद्या एकत्र करणे हे काही धर्मशास्त्राचे काम नव्हे. ज्याने आयुष्यभर कचेरीत नोंदवह्या सांभाळल्या त्या निवृत्त कारकुनाला ते एका दुपारी जमेल.

आणि एकत्र जमल्यावर प्रार्थना कोणत्या भाषेत म्हणायची हा वाद निघाला, तर त्यावर सर्वपंथीय मेळाव्यांनी फार पूर्वी एक साधी रीत काढून ठेवली आहे. प्रभूची प्रार्थना प्रत्येकाने आपापल्या भाषेत, एकाच वेळी, मोठ्याने म्हणायची. मराठी, कोंकणी, मल्याळम, तमिळ, हिंदी, इंग्रजी. पहिल्या ओळीपर्यंत सर्व जण बरोबर असतात. मग शब्द मागेपुढे होऊ लागतात, थोडा वेळ नुसता गलका ऐकू येतो. कोणाची प्रार्थना आधी संपते, कोणाची मागाहून. ज्यांची संपली ते गप्प उभे राहतात, आणि शेवटचा आवाज थांबल्यावर मग सगळे मिळून 'आमेन' म्हणतात.